मुक्ती देहासकट



देह टाकून आत्म्याने स्वर्ग गाठणे हीच ख्रिस्ती मुक्ती, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मूळ श्रद्धेवरच अन्याय करणारे आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय देहाच्या पुनरुत्थानावरच उभा आहे. ख्रिस्त उठला नसेल तर सारा विश्वासच फोल, इथवर तो जातो. येशूशेजारी क्रुसावर असलेल्या चोराला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले, हा आक्षेप वजनदार खरा. पण बहुतेक परंपरांच्या मते ते वचन मृत्यू आणि पुनरुत्थान यांमधल्या काळाविषयी आहे, अंतिम अवस्थेविषयी नव्हे. चर्चने देहाच्या दहनाला परवानगी दिलीच ना, असेही पत्रलेखक विचारतात. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये ती दिली, मात्र पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेले दहन अमान्यच ठेवले आणि २०१६ मध्ये राख उधळण्यासही स्पष्ट मनाई केली.