विश्रांतीला निमित्त कशाला हवे?

कामाच्या वेळात सिगारेट ओढायला बाहेर जाण्याचा नोकरदाराला हक्क आहे का, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एका शब्दात देता येते: नाही. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेले त्याचे नियम यांनी कामाची ठिकाणे सार्वजनिक जागांमध्ये धरली. तिथे धूम्रपान केले तर 200 रुपयांपर्यंत दंड आहे आणि ते होऊ न देण्याची जबाबदारी त्या जागेच्या प्रमुखावर आहे. तरीही बडनेऱ्याच्या स्टेशनबाहेर, अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा अकोल्याच्या बाजारपेठेत दिवसा केव्हाही पाहावे, पानठेल्यावर कामावरची माणसे उभी असतात. खर्रा घोटून होईपर्यंतची चार-पाच मिनिटे त्यांची स्वतःची असतात. मालकाला हे ठाऊक असते, मुकादमाला ठाऊक असते आणि दोघेही काणाडोळा करतात. कायद्याने न दिलेली सुटी अशी रिवाजाने मिळते, मात्र ती व्यसनाच्या खात्यावर. माझा आक्षेप त्या चार-पाच मिनिटांना मुळीच नाही. ती कामावरच्या प्रत्येकाला मिळावीत आणि ती मिळवण्यासाठी कोणाला हातात बिडी किंवा गालात खर्रा धरावा लागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा रिवाज किती लोकांच्या उपयोगाचा आहे, ते आधी पाहू. प्रौढांमधील तंबाखू सेवनाची जी जागतिक पाहणी 2016-17 मध्ये झाली, तिच्यात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले. त्यात ओढणारे अवघे 3.8 टक्के होते, तर खाणारे, चघळणारे किंवा मिसरी लावणारे 24.4 टक्के. म्हणजे ज्यांना बाहेर जावेच लागते, असे लोक शंभरात चारही नाहीत. उरलेल्या तंबाखूवाल्यांची सोय काम न थांबवताच होते. पुडी एकदा गालात गेली की हात मोकळे आणि मालकही खूश. तंबाखू भूक मारते आणि थकवा काही काळ विसरायला लावते. लांबलेल्या पाळीत ती विश्रांतीची जागा घेऊन बसते, ती त्यामुळेच. आणि जे काहीच घेत नाहीत, त्यांचे काय? कापडाच्या दुकानात सकाळपासून काउंटरमागे उभी असलेली मुलगी ‘जरा ठेल्यावर जाऊन येते’ असे म्हणू शकत नाही. तिला बसायचे असते, पाणी प्यायचे असते, स्वच्छतागृहात जायचे असते. दुकानात त्याची सोय नसेल तर ती पाणीच कमी पिते. पुरुषाचे व्यसन समजून घेणारा रिवाज बाईच्या शरीराची साधी गरज मात्र समजून घेत नाही. रिवाजावर विसंबण्यातला मुख्य दोष हाच आहे.

कामगाराच्या विश्रांतीची मागणी महाराष्ट्राला नवी नाही. देशात ती पहिल्यांदा संघटितपणे मांडली गेली तीच इथे. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगासाठी तयार केले. रविवारी सुटी, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुटी गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी मान्य केली आणि दुपारचा अर्धा तास 1891 च्या कारखाना कायद्यात आला. बडनेऱ्याच्या कापड गिरणीत, अकोल्याच्या सावतराम मिलमध्ये राबलेल्या पिढ्यांना दुपारची जी विसावण्याची वेळ मिळाली, तिचे मूळ या लढ्यात आहे. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम करून घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास द्यायचाच, असे कलम 55 मध्ये लिहिले. दरम्यान यंत्रे बदलली, त्यांचा वेग कितीतरी वाढला. लोखंड्यांनी मागितलेला अर्धा तास मात्र या कायद्यातही अर्धाच तास राहिला.

उलट तो अर्धा तासही आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने 1948 च्या कायद्याची जागा घेतली. दिवसाला आठ तासांची मर्यादा या संहितेत आहे; पण मध्ये विश्रांती किती आणि केव्हा, हे ‘समुचित शासन’, म्हणजे केंद्र किंवा राज्य सरकार, अधिसूचनेने ठरवणार. जे संसदेच्या कायद्यात लिहिलेले होते ते सरकारी कागदावर आले. कायदा बदलायला सभागृहात चर्चा लागते. अधिसूचना बदलायला सही पुरते. त्यातच सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे कामाचे तास 9 वरून 12 पर्यंत आणि दुकानांत 9 वरून 10 पर्यंत नेण्यास मान्यता दिली. दुकानांसाठीचा 2017 चा राज्याचा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. तीच मर्यादा वीसवर नेण्याचे त्याच निर्णयात ठरले. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतली, अमरावतीच्या जवाहर गेट परिसरातली दुकाने डोळ्यांपुढे आणा. वीस सोडाच, दहा नोकर असलेली त्यातली किती निघतील? पाच तासांनंतर अर्धा तास, हे कलम ज्या काउंटरवरच्या मुलीला सर्वांत जास्त हवे, तिच्यापर्यंत ते पोचतच नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न सोयीचा उरत नाही, जिवाचा होतो. 24 मे 2024 रोजी अकोल्यात पारा 45.8 अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेमुळे जिल्ह्यात कलम 144 लागू करावे लागले. एरवी दंगलीच्या भीतीने निघणारा आदेश उन्हामुळे निघाला, म्हणून देशभर त्याची बातमी झाली. कामगारांसाठी पिण्याचे पाणी आणि इतर सोयी ठेवण्याची जबाबदारी त्या आदेशाने आस्थापनांवर टाकली. आदेशाची मुदत 31 मेपर्यंत होती. पण वऱ्हाडातला उन्हाळा आठवड्याभराचा पाहुणा नसतो, तो मार्चअखेरीस येतो आणि मृगाची वाट पाहायला लावतो. पत्र्याच्या शेडमध्ये, डाळ मिलच्या भुशात, बाजार समितीच्या ओट्यावर पोते उचलणाऱ्याला या काळात दर तास-दीड तासाने सावलीत बसून पाणी प्यायला मिळाले नाही तर शरीराचा तोल सुटतो. उष्माघात असाच होतो. जिनिंगमध्ये तर हंगाम थंडीचा असला तरी रेच्यांजवळ रुईचे बारीक तंतू आणि धूळ दिवसभर छातीत जाते; तिथून मोकळ्या हवेत येणे हीच विश्रांती. जिथे एक ठिणगी पडली तर रुईची गंजी पेटते, तिथे बिडीला मनाई असते आणि ती असलीच पाहिजे. मग त्या आवारात बिडीच्या निमित्ताने मिळणारी सुटीही नाही आणि हक्काचीही नाही, अशी स्थिती होते.

खुद्द बडनेरा हे रेल्वेचे गाव आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या या जंक्शनवरून दिवसरात्र गाड्या धावतात आणि त्यांच्या इंजिनात बसलेल्यांचा प्रश्न याच जातीचा, पण अधिक अवघड आहे. जेवण आणि नैसर्गिक विधी यांसाठी ड्युटीच्या दरम्यान ठरलेला वेळ हवा, ही लोको पायलटांची मागणी अनेक वर्षांची. गाडी चालू असताना अशी सुटी नियमात बसवणे व्यवहार्य नाही, असे एका उच्चस्तरीय समितीने म्हटले आणि एप्रिल 2025 मध्ये रेल्वे बोर्डाने ते मान्य केले. मालगाडी मधल्या सिग्नलला केव्हा थांबेल आणि केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो, हे खरे आहे. पण अडचण आहे म्हणून गरज संपत नाही. गाडीचे पाणी, तपासणी आणि कर्मचारी बदलणे यांसाठी थांबे आखले जातात. त्यात चालकाच्या दहा मिनिटांची आखणी अशक्य का मानावी? हजारो प्रवाशांचा जीव ज्याच्या लक्षावर अवलंबून आहे, त्याने तहान आणि लघवी दाबून सिग्नल वाचावेत, ही सुरक्षिततेची व्यवस्था म्हणता येणार नाही. खासगी दुकानदाराकडून माणुसकीची अपेक्षा करताना देशातल्या सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक काय करतो, हेही पाहिले जातेच.

कामावरच्या प्रत्येकाला विश्रांती मिळावी, या मागणीवर पहिला आक्षेप पैशांचा येतो. मालक म्हणतो, काम न करता पगार का द्यायचा? यात एक गैरसमज आहे. 1948 च्या कायद्यातला अर्धा तास कामाच्या तासांत धरलेलाच नव्हता. नऊ तास काम वेगळे आणि विश्रांती धरून कामगाराला गुंतवून ठेवण्याची मर्यादा साडेदहा तासांची होती. मालकाने तो अर्धा तास कधी दान दिला नाही. कामगाराने स्वतःच्या दिवसातून तो दिला. त्याखेरीज प्रत्येक पाळीत दहा-दहा मिनिटांच्या दोन पगारी विश्रांती मी मागतो आहे; त्यांचा भार मात्र मालकावर पडेल, हे मान्य. पण हा खर्च वाटतो तितका नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत तास वाढवूनही माल वाढेना, तेव्हा 1915 मध्ये नेमलेल्या समितीसाठी एच. एम. व्हर्नन यांनी उत्पादनाच्या नोंदी तपासल्या. तास कमी केल्यावर एकूण उत्पादन घटले नाही, बऱ्याच ठिकाणी वाढले. थकलेला हात हळू चालतो, चुका करतो आणि जखमी होतो. त्या चुकांचा खर्च मालकाच्या वहीत विश्रांतीच्या नावाने लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

दुसरा आक्षेप गैरफायद्याचा: दहा मिनिटे दिली की पंचवीस घेतील. काही जण घेतीलही. पण गैरफायदा आजही घेतला जातोच आणि तो घेणारा बहुतेक वेळा मालकाच्या मर्जीतला असतो. वेळ ठरलेली नसते तेव्हा धीट माणूस हवी तितकी घेतो आणि भिडस्त माणूस काहीच घेत नाही. ठरलेली वेळ दोघांनाही एका मापात आणते. तिसरा आक्षेप लहान दुकानदाराचा, आणि तो सर्वांत रास्त आहे. दोन नोकरांच्या दुकानात एकाला सोडले की गल्ल्यावर कोण बसणार? म्हणूनच अशा दुकानांना रजिस्टर, परवाने, तपासणी यांचा जाच नको. एकाआड एक सोडणे, बसायला स्टूल आणि जवळच्या स्वच्छतागृहाची सोय एवढ्याने भागते. दुकानांतल्या बायकांच्या लढ्यानंतर केरळने 2018 मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला, तमिळनाडूने 2021 मध्ये. तिथल्या कापड दुकानांचा धंदा त्याने बुडाला नाही.

राहिला प्रश्न सिगारेट ओढणाऱ्याचा. निकोटिनची तलफ हे सोंग नव्हे, त्यामुळे त्याच्याशी दंडुक्याने वागून उपयोग नाही. पण न ओढणाऱ्यांची तक्रारही खोटी नाही. टोकियोच्या पियाला या कंपनीने 2017 मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांना वर्षाला सहा दिवस जादा पगारी रजा दिली, कारण ओढणाऱ्यांचे रोजचे बाहेर जाणे इतरांना खुपत होते. कल्पना चलाख आहे, पण तिच्यातही हिशेब सिगारेटचाच राहतो. त्यापेक्षा सर्वांना सारखी मिनिटे द्यावीत. त्यात कोणी चहा घ्यावा, कोणी घरी आजारी आईला फोन लावावा, कोणी डोळे मिटून बसावे आणि ज्याला ओढायचेच आहे त्याने आवाराबाहेर जाऊन ओढावे. मालकाने ‘कशासाठी’ विचारू नये.

अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या वसाहतीत कापड उद्योग वाढतो आहे आणि सप्टेंबर 2024 मध्ये इथल्या हजार एकरांवरच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. या भागातल्या हजारो मुलामुलींना पुढची वीस-तीस वर्षे अशाच शेडमध्ये काढायची आहेत. त्यामुळे नियम आत्ताच ठरायला हवेत. विश्रांतीच्या अधिसूचनेत राज्याने पाच तासांनंतरचा अर्धा तास कायम ठेवावा. प्रत्येक पाळीत दहा-दहा मिनिटांच्या दोन पगारी विश्रांती त्यात घालाव्यात आणि मार्च ते जून त्या वाढवाव्यात. स्टूल, पाणी आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टींपुरती तरी कामगारसंख्येची अट काढून टाकावी, म्हणजे एकाच नोकराच्या दुकानालाही त्या लागू होतील. यातली एकही मागणी क्रांतिकारक नाही. मालकाच्या मर्जीवर आणि पानठेल्याच्या रिवाजावर चाललेली गोष्ट कायद्याच्या कागदावर यावी, म्हणजे ती मागताना कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.