विश्लेषण : डेटा वाचवणारा ब्राउझर किती सुरक्षित?

रेंज अपुरी, मोबाइल जुना आणि स्टोरेज भरलेले असले, की कमी डेटा खाणारा ‘हलका’ ब्राउझर सोयीचा वाटतो. नंदुरबार जिल्ह्यातील खापरसारख्या गावांत सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे काम अशा ब्राउझरवर करणाऱ्यांनी त्यातील धोका समजून घ्यायला हवा.

डेटा वाचतो कसा?

साधा ब्राउझर संकेतस्थळाशी थेट संपर्क साधतो. डेटा वाचवणारे काही ब्राउझर मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवतात. तो पान उघडतो, छायाचित्रे लहान करतो आणि आटोपशीर पान मोबाइलवर पाठवतो. ओपेरा मिनीची ‘एक्स्ट्रीम’ पद्धत अशीच आहे. यात मोबाइल ते बँक हा संवाद सलग कुलूपबंद राहत नाही. मधल्या सर्व्हरवर तो उघडतो आणि भरवसा त्या कंपनीवर ठेवावा लागतो.

यूसी ब्राउझरमध्ये काय आढळले?

भारतात लोकप्रिय झालेला यूसी ब्राउझर चीनच्या अलिबाबा समूहाचा. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने मे २०१५ मध्ये त्यातील त्रुटी मांडल्या. इंग्रजी आवृत्तीतून वापरकर्त्याने शोधलेले शब्द कूटबद्ध न करताच जात होते. चिनी आवृत्तीतून मोबाइलची ओळख पटवणारे क्रमांकही सहज वाचता येतील असे बाहेर पडत होते. मार्च २०१९ मध्ये ‘डॉक्टर वेब’ या कंपनीने आणखी एक बाब उघड केली. हा ब्राउझर प्ले स्टोअरला वगळून असुरक्षित मार्गाने नवे भाग उतरवून घेऊ शकत होता. वाटेत कोणी घातक फाइल घुसवली, तर तीही मोबाइलमध्ये शिरू शकली असती.

बंदीनंतर धोका संपला?

केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझरही होता. मात्र जुन्या मोबाइलमध्ये राहिलेल्या किंवा एपीके फाइलने टाकलेल्या अॅपला प्ले स्टोअरचे अपडेट मिळत नाही. त्रुटी तशाच राहतात.

काय करावे?

ब्राउझर प्ले स्टोअरवरूनच घ्यावा आणि अपडेट ठेवावा. ओपेरा मिनीत बँकेचे काम करताना ‘एक्स्ट्रीम’ पद्धत बंद ठेवावी. अडचण जुन्या मोबाइलची आहे : डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइड ७ वर क्रोमची नवी आवृत्ती मिळत नाही. अशा मोबाइलवर बातम्या वाचाव्यात, पण पैशांचे व्यवहार शाखेत किंवा बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात करावेत. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.