प्रथमोपचार पेटीत न मावणारी तीन मिनिटे

सहा वर्षांपूर्वी दिल्लीतील एका कार्यालयात दुपारची बैठक संपत आली असताना माझ्या शेजारी बसलेले सहकारी खुर्चीतून खाली कोसळले. वय 47. पुढील काही मिनिटे आम्ही जे केले ते आठवले की आजही अपराधी वाटते. कोणी तोंडावर पाणी शिंपडले, कोणी तळपाय चोळले, कोणी खिडक्या उघडल्या. ते मधूनच आचके दिल्यासारखा श्वास घेत होते. तेवढ्यावरून श्वास चालू असल्याचा समज आम्ही करून घेतला. त्यांना उचलून लिफ्टने खाली नेले आणि मोटारीत घातले. रुग्णालय गाठेपर्यंत 25 मिनिटे उलटली होती. तेथील डॉक्टरांनी विचारले, ‘‘छातीवर दाब कोणी दिला होता का?’’ आम्ही सारे सुशिक्षित लोक मान खाली घालून उभे होतो.

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया अचानक बंद पडणे यांत आपण सर्रास गल्लत करतो. झटक्यात हृदयाचा रक्तपुरवठा खुंटतो, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो. त्याला रुग्णालयात नेण्यास थोडा तरी अवधी असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मेंदूकडे जाणारे रक्तच थांबते. पुष्कळदा हृदय निश्चल नसते, नुसते थरथरत असते आणि विजेच्या धक्क्याने ते ठिकाणावर येऊ शकते. उपचाराविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवते. मृत्यूपूर्वीचे ते आचके म्हणजे श्वसन नव्हे, हे आम्हाला ठाऊक असते तर कोणीतरी गुडघे टेकून मिनिटाला 100 ते 120 या गतीने छाती दाबली असती. दिल्लीच्या वाहतुकीत रुग्णवाहिका पाच मिनिटांत येईल, ही अपेक्षा मुळातच व्यर्थ आहे.

आता कायद्याकडे पाहू. 1948 च्या कारखाने अधिनियमाने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि 500 हून अधिक कामगार असल्यास रुग्णोपचार कक्ष बंधनकारक केला होता. पेटी प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्या ताब्यात असावी आणि ती व्यक्ती कामाच्या वेळेत सदैव हाताशी असावी, असेही त्यात म्हटले होते. यंत्रात बोट सापडणे, भाजणे, जखम होणे हे त्या काळाचे धोके होते आणि त्यांच्यासाठी ही तरतूद दूरदर्शीच म्हणावी लागेल. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापना तिच्या कक्षेत आल्या, विशिष्ट कामगारांसाठी वार्षिक मोफत आरोग्य तपासणी आली; मात्र आणीबाणीची कल्पना पेटी आणि पाचशेचा आकडा यांपाशीच थांबली. कायदा अजून डोकी मोजतो. हृदयाच्या बाबतीत मिनिटे मोजायला हवीत.

मिनिटांचे मोल काय, हे 2000 साली अमेरिकेतील जुगारगृहांच्या एका अभ्यासाने दाखवले. तेथे स्वयंचलित डिफिब्रिलेटर वापरणारे डॉक्टर नव्हते, सुरक्षारक्षक होते. ज्यांचे कोसळणे कोणीतरी पाहिले होते आणि ज्यांचे हृदय थरथरत होते, अशांपैकी तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेले 74 टक्के जगले. उशीर झालेल्यांत हे प्रमाण 49 टक्क्यांवर आले. हे यंत्र बोलून सूचना देते, हृदयाची लय स्वतः तपासते आणि गरज नसल्यास धक्का देत नाही. आपल्या कार्यालयांच्या फाटकावरचा रक्षक ते निश्चितच चालवू शकेल. त्याच्या कंत्राटात मात्र प्रशिक्षणासाठी एक रुपयाही धरलेला नसतो.

माझ्या सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर त्या कार्यालयाने यंत्र विकत घेतले. गेल्या वर्षी मी तेथे गेलो तेव्हा ते कुलूपबंद कपाटात होते, किल्ली प्रशासन विभागाकडे होती आणि शनिवारी तो विभाग बंद असतो. छातीला चिकटवायच्या पट्ट्यांची मुदतही संपली होती. म्हणूनच केवळ सक्तीची खरेदी मला धास्तावते. अग्निशामक नळकांड्यांचे आपण काय केले आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. लाखभर रुपयांचे यंत्र बारा कामगारांच्या कारखान्याला परवडणार नाही आणि देशातील बहुतेक कष्टकरी तर या सुरक्षा संहितेत मोजले जात नाहीत. पण दिल्लीतील ओखला असो वा बेंगळुरूतील पीन्या, औद्योगिक वसाहतीत फाटक, रस्ते आणि दिवे सामायिक असतात. मग यंत्रही सामायिक का नसावे? छाती दाबायला शिकण्यासाठी तर यंत्रही लागत नाही, आणि धक्क्याने न सुधारणाऱ्या लयीत तेवढाच आधार असतो.

दुसरी अडचण भीतीची आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदतकर्त्याला संरक्षण मिळाले, परंतु ते रस्ते अपघातापुरते. भारतीय न्याय संहितेचे कलम 30 सद्भावनेने केलेल्या कृतीला फौजदारी बचाव देते, तरीही पोलिसी चौकशी आणि भरपाईचे दावे यांची धास्ती त्याने जात नाही. अपघातग्रस्ताला उचलणारा सुरक्षित आणि सहकाऱ्याची छाती दाबणारा साशंक, ही विसंगती संसदेने दूर करावी.

कामाच्या जागांसाठी मानके जाहीर करण्याचा अधिकार संहितेने केंद्राला दिला आहे. त्या मानकांत यंत्रांची संख्या लिहू नये. इमारतीच्या कोणत्याही कोपऱ्यातून तीन मिनिटांत कुलपाविना यंत्र रुग्णापाशी पोहोचले पाहिजे आणि प्रत्येक पाळीत, रात्रपाळीतही, ते वापरण्याचा सराव असलेली माणसे हजर असली पाहिजेत, एवढे लिहावे. वर्षातून एकदा निरीक्षकाने न कळवता यावे, एका मजल्यावर पुतळा ठेवावा आणि घड्याळ लावावे.