फेडलेल्या कर्जाची पुरसिस

सध्या एक गृहस्थ व्याख्यानांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून एकच सिद्धान्त मांडत फिरत आहेत. ज्याच्यावर कोर्टाने पैशाचा हुकूमनामा (म्हणजे डिक्री) केला, त्याची दानत कोर्टातच सिद्ध झाली. अशाला पुन्हा कर्ज देणे म्हणजे वेळेवर हप्ते भरणाऱ्यांची थट्टा. त्यातूनही त्याने पैसे फेडलेच, तर सिबिलचा अहवाल आरशासारखा आहे, तो आपोआप स्वच्छ होतो. होत नसेल तर कुठेतरी अजून पाणी मुरते आहे असे समजावे. आणि डाग राहिला तरी बिघडले काय, चार लोकांना जरब बसते! शेवटी अंथरूण पाहून पाय पसरण्याचा उपदेश आणि टाळ्या. (अंथरूण कायद्याने जप्त करता येत नाही, हे त्यांच्या गावी नसावे. त्याकडे पुढे येतो.)

दानतीचे आधी उरकून घेऊ. दिवाणी कोर्ट पैसे देणे लागतात की नाही एवढेच ठरवते; नियत तपासायला त्याला वेळही नसतो आणि कारणही नसते. कित्येक हुकूमनामे एकतर्फी असतात. घर बदललेले, समन्स जुन्या दाराला चिकटवलेले, तारखेला पुकारा झाला, प्रतिवादी गैरहजर, निकाल. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला 30 दिवसांची मुदत असते. समन्स रीतसर बजावलेले नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात, पण असा हुकूमनामा आहे हेच बिचाऱ्याला बेलिफ दारात आल्यावर कळते. आणि जामीनदार? त्याने तर एक पैसाही वापरलेला नसतो. मेहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी सही केलेली असते, आणि करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. हुकूमनाम्यात त्याचे नाव, अहवालात त्याचे खाते. त्याचीही दानत सिद्ध झाली म्हणायचे का?

ऐपत नसणे आणि द्यायचे नसणे यांत कायदा फरक करतो. 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हुकूमनाम्याचे पैसे भरले नाहीत एवढ्यावर ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून टाळाटाळ केली, म्हणजे काही तरी बदनियत दिसली पाहिजे. हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवायलाही रिझर्व्ह बँकेने वेगळी प्रक्रिया घालून दिली आहे. तिथे नोटीस आहे, समिती आहे, बाजू मांडायची संधी आहे. व्याख्यात्यांना एवढ्या भानगडीची गरज पडत नाही. त्यांना हुकूमनाम्याचा क्रमांक पुरतो.

आता तो आरसा. माझा खरा संताप इथे आहे, कारण हे वाक्य ऐकून माणसे निर्धास्त होतात आणि बुडतात.

आरशापुढे तोंड धुतले की आरशातले तोंड बदलते. इथे तोंड धुतल्याची बातमी सावकाराने लेखी कळवावी लागते. सिबिलसारख्या, कर्जदारांच्या पतीचे अहवाल बनवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे चार आहेत. त्यांना माहिती पुरवतात बँका आणि वित्त कंपन्या. कोर्ट काहीही पुरवत नाही. निकाल लागला, त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त दाखल झाली, दरखास्त निकाली निघाली, यांतले काहीही कोर्टातून त्या कंपन्यांकडे आपणहून जात नाही. तुमच्या खात्यापुढे ‘सूट फाइल्ड’, म्हणजे दावा दाखल, असे लिहिले ते सावकाराच्या सांगण्यावरून, आणि पुसले जाईल तेही त्याच्याच सांगण्यावरून. अहवालाच्या कंपनीकडे तुम्ही कितीही कागद पाठवा, सावकाराने दुजोरा दिल्याशिवाय ती अक्षर बदलत नाही. कर्ज मध्येच दुसऱ्या कंपनीला विकलेले असेल तर दुजोरा कोणी द्यायचा यावरच पत्रव्यवहार सुरू होतो.

पण ही झाली पुढची पायरी. मागची पायरी आमच्या कोर्टात नित्य दिसते, आणि तिच्याविषयी व्याख्यानात चकार शब्द नसतो. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले, तर ते दिल्याची नोंद कोर्टात व्हावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 मध्ये स्वच्छ लिहिले आहे, की अशी नोंद नसलेला भरणा दरखास्त चालवणारे कोर्ट जमेस धरणार नाही. नोंदीसाठी ऋणकोला अर्ज करायचा तर मुदत 30 दिवस. उलट धनकोला हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी मुदत किती? 12 वर्षे!

तालुक्याच्या कोर्टात पाहिलेले एक प्रकरण सांगतो. टेम्पोवर कर्ज, धंदा बसला, एकतर्फी हुकूमनामा. टेम्पोवाल्याने घरातले सोने मोडून वर्षभरात शाखेत सगळी रक्कम भरली. शाखाधिकाऱ्याने छापील कागदावर ‘आता येणे बाकी नाही’ असे लिहून दिले, चहा पाजला, आणि काही दिवसांत त्याची बदली झाली. कंपनीच्या वकिलाला हे कोणी कळवले नाही. त्याने ठरल्या वेळी दरखास्त लावली आणि जप्तीचे वॉरंट निघाले. टेम्पोवाला प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन कोर्टात उभा, आणि त्याला सांगितले जाते की मुदत गेली. त्याला वाटले, कोर्ट विकले गेले. कोर्ट विकले गेले नव्हते, नियम पाळत होते. शेवटी कंपनीच्याच माणसाला ओढून आणून पुरसिस दाखल करून घेतली, तेव्हा सुटका झाली.

ही पुरसिस म्हणजे एक पान असते हो. वर कोर्टाचे नाव आणि दरखास्तीचा क्रमांक, मग दोन ओळी: डिक्रीची संपूर्ण रक्कम मिळाली, आता काही येणे नाही, सबब दरखास्त निकाली काढावी. खाली डिक्रीदाराची सही, वकिलाची सही. वर निशाणी क्रमांक पडतो, साहेब ‘रीड अँड रेकॉर्डेड’ लिहितात, रोजनाम्यात एक ओळ उमटते. या एका ओळीवाचून फेडलेले कर्ज कोर्टाच्या लेखी तसेच उभे राहते. आणि ती ओळ उमटली म्हणून अहवालातली ओळ हलत नाही. त्या टेम्पोवाल्याच्या खात्यापुढचे ‘सूट फाइल्ड’ पुढे कितीतरी दिवस होते तिथेच होते. आपोआप!

तडजोडीचा तर वेगळाच गोंधळ. थोडी रक्कम सोडून देऊन सावकाराने खाते मिटवले, की माणूस पेढे वाटतो. अहवालात लिहिले जाते ‘सेटल्ड’, आणि पुढच्या बँकेचा अधिकारी त्याचा अर्थ ‘याने कुणाला तरी बुडवले’ असा घेतो. पूर्ण फेडीचा शब्द ‘क्लोज्ड’. तडजोडीचे पत्र वाचून सही करणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

जरबेबद्दल एवढेच, की जरब बसायची ती द्यायचे टाळणाऱ्यावर बसावी. फेडल्यावरही डाग तोच राहणार असेल तर फेडायचे कशाला, हे गणित कर्जदारालाही येते.

हा वाद जुनाच आहे. 1875 च्या मे महिन्यात सुप्याला आणि मग पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हाही शहाणी माणसे हेच म्हणत होती: कोर्टाचा हुकूमनामा आहे, मग कुणब्याचे ऐकायचे काय? चार वर्षांनी, 1879 मध्ये, इंग्रज सरकारलाच दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करून कबूल करावे लागले, की खताच्या मागचा व्यवहार उकरून पाहिला पाहिजे, हप्ते बांधून दिले पाहिजेत आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकता कामा नये. तेव्हाही कोणी तरी म्हणालेच असेल, की आता वसुली बुडाली.

आता अंथरुणाकडे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 काढून पाहा. ऋणकोचे, त्याच्या बायकोमुलांचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या चालीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरवता न येणारा दागिना, कारागिराची हत्यारे, यांतल्या कशालाही बेलिफाने हात लावायचा नाही. पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुटे. वसुली करा, पण माणूस उद्या कमावता राहिला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. आज टेम्पोवाल्याचे हत्यार त्याची पत आहे. कर्जाविना दुसरा टेम्पो येत नाही. पान्हा त्याच्याकडे ठेवायचा आणि पत कायमची जप्त करायची, असला कायदा कोणी केलेला नाही. तो व्याख्यानांतच आहे.

मग करायचे काय? पत सहा महिन्यांत दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत, हे आधी. पुरसिस करून घ्यावी, निकालाची नक्कल काढावी, सावकाराकडून खाते पूर्ण बंद झाल्याचे पत्र घ्यावे. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून चूक असेल तिथे तक्रार करावी. 30 दिवसांत निवारण झाले नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते, आणि त्यानेही भागले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. त्यानंतर मुदत ठेवीवर मिळणारे छोटे क्रेडिट कार्ड घ्यावे, थोडे वापरावे, दर महिन्याला पूर्ण भरावे. अहवालात भरण्याचा इतिहास 36 महिन्यांचा दिसतो, तेव्हा हे काम वर्षांचे आहे. जुनी नोंद त्याहून अधिक काळ जपली जाते, ती बँक वाचणारच. पण तिच्याखाली नवे महिने नीट भरलेले असले, तर वाचणारा निदान थबकतो.

एवढीच माझी मांडणी. ती रोमहर्षक नाही. तिच्यापुढे एक मागणी मात्र आहे: पुरसिस दाखल करणाऱ्या सावकारावरच, त्याच कागदात, अहवाल दुरुस्त करून घेण्याची हमी लिहून देण्याचे बंधन घालावे. कोर्टाला यात दोन ओळी जास्त वाचाव्या लागतील, बस.

ते होईल तेव्हा होईल. ज्याला हुकूमनाम्याची शेवटची रक्कम उद्या भरायची आहे, त्याने आज वकिलाला फोन करून पुरसिस टाइप करून ठेवायला सांगावे, आणि डिक्रीदाराची सही कागदावर पडेपर्यंत डिमांड ड्राफ्ट आपल्याच खिशात ठेवावा.