समाधी भरलेली, कबर रिकामी

या शुक्रवारी बीडमधल्या एका चौकात पुन्हा तोच फलक झळकला. वर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, मधोमध क्रूस आणि खाली ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’. या फलकाबद्दल गेल्या वर्षी याच जागी लिहून झाले आहे, त्यामुळे पुन्हा त्यात शिरायला नको. लावणाऱ्यांची भावना चांगली असते, हेही मान्य. पण दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसून वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून ऐकलेल्या माणसाला बाहेर आल्यावर शुभेच्छा कसल्या द्यायच्या? मोहरमच्या दहाव्या दिवशी कुणी कुणाला मुबारक म्हणत नाही, हे बीडला शिकवावे लागत नाही.

खरी ठेच लागली ती रविवारी. ईस्टर म्हणजे ‘येशूच्या पुनर्जन्माचा दिवस’ असा मजकूर सकाळपासून मोबाइलवर फिरत होता आणि संध्याकाळपर्यंत तो ख्रिस्ती घरांतही पोहोचला होता. शब्दांवरून या स्तंभाने आजवर पुष्कळ भांडणे केली. पण इथे एका शब्दाने सगळी श्रद्धाच उलटीपालटी होते. पुनर्जन्मात देह नवा, आई नवी, गाव नवे. जुने उरतात ते फक्त आत्मा आणि कर्म. पुनरुत्थानात माणूस तोच असतो, नाव तेच असते आणि हातांवर खिळ्यांच्या खुणाही त्याच असतात.

मराठी मनाला हे अवघड का जाते, ते अंबाजोगाईत गेले की कळते. गावाबाहेर बालाघाटाच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे, गावात दासोपंतांची. दासोपंतांची पासोडी अजून अंबाजोगाईत जपलेली आहे. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या माणसाने लांबच लांब कापड घेतले आणि पंचीकरणासारखा कठीण विषय त्यावर ओव्यांनी नि आकृत्यांनी भरून टाकला. कापड जीर्ण झाले, शाई फिकी पडली, तरी ओळीमागून ओळ सरकत गेलेला हात त्यावर दिसतो. माघ वद्य षष्ठीला उत्सव होतो, तेव्हा येणारा माणूस एका भरवशावर येतो: दासोपंत इथेच आहेत. आळंदीची संजीवन समाधी हा त्या भरवशाचा कळस. १२९६ साली ज्ञानदेव समाधीला बसले, ते बसलेलेच आहेत. बीडला शहेनशाहवलींच्या उरुसात जाणाऱ्याची ओढही फार वेगळी नसते. उरूस या शब्दाचा मूळ अर्थच लग्न, मिलन. ऊसतोडीवरून परतलेला मजूर भगवानगडाची वाट धरतो, तेव्हा घरी सांगून निघतो की भगवानबाबांच्या दर्शनाला चाललो. स्मारक पाहायला चाललो, असे तो म्हणत नाही.

आता यरुशलेमला यावे. तिथल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये जगभरातून माणसे येतात, तासन्‌तास रांगेत उभी राहतात, वाकून एका अरुंद कोठडीत शिरतात. आत संगमरवरी फरशीने झाकलेला दगडी ओटा आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात डागडुजीसाठी ती फरशी बाजूला केली, तेव्हा खाली चुनखडीचा मूळ खडक दिसला. चर्चच्या दाराची किल्ली सांभाळण्याचे आणि दार उघडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे आहे. एवढा खटाटोप कशाला, तर जिथे कुणीही नाही ती जागा पाहायला. कबरीत देह सापडला तर ख्रिस्ती धर्म संपला, हे पौलाने करिंथच्या मंडळीला येशूच्या मरणानंतर पंचवीसेक वर्षांतच स्वच्छ लिहून ठेवले. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेशही पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ, असा त्याचा आशय. स्वतःच्या श्रद्धेची मान इतक्या उघडपणे एकाच घटनेच्या सुरीखाली ठेवणारा दुसरा प्रचारक शोधून सापडायचा नाही.

कापड तिथेही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात कबरीत शिरणाऱ्यांना तागाची वस्त्रे पडलेली दिसतात, आणि डोक्याचा रुमाल वेगळा, गुंडाळून ठेवलेला. अंबाजोगाईच्या कापडावर माणूस ओळीओळीत हजर आहे. त्या रुमालातून माणूस निघून गेलेला आहे. संत आणि ख्रिस्त यांच्यातला फरक एखाद्या मुलाला सांगायचा असेल, तर ही दोन कापडे शेजारी शेजारी ठेवावीत.

यावर कुणी तुकोबांचे नाव घेईल. सदेह वैकुंठगमनात देह मागे राहत नाही, ते साम्य आहेच. पण तुकोबांच्या त्या कथेत मरण नाही, आणि येशूच्या कथेत सगळा भर मरणावर आहे. रोमन सत्ता गुलामांना आणि बंडखोरांना वधस्तंभावर देत असे, तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावे म्हणून रस्त्यालगत. पंतय पिलाताच्या हुकमाने झालेला हा वध रोमन इतिहासकार टॅसिटसनेही नोंदवला आहे. भाल्याने कूस टोचली, दुसऱ्याच्या मालकीच्या कबरीत ठेवले, तोंडावर धोंड लोटली. भाल्याची गोष्ट एकटा योहान सांगतो, पण मरण आणि दफन चारही शुभवर्तमाने घाई न करता सांगतात. रविवार खरा ठरायचा तर शुक्रवार आधी पुरता खरा असावा लागतो.

मग त्या मरणाने साधले काय? वल्हांडणाच्या कोकराचा बळी, दास सोडवण्याची खंडणी, पापाची शिक्षा स्वतः भोगणे, मरणावर विजय: दोन हजार वर्षांत उत्तरे अनेक आली. पाश्चात्त्य मंडळ्यांनी शिक्षेवर जोर दिला, पूर्वेकडच्यांनी विजयावर. मराठीत हा प्रश्न एका शब्दात मावतो आणि तो शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. नवसाचा बोकड तो बळी, आणि पाताळात दडपलेला, दरवर्षी ज्याच्या राज्याची वाट पाहिली जाते तोही बळी. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या रूपात पाहिले. धर्मशास्त्री त्यावर हरकत घेतील. पण ख्रिस्ती माणूस शुक्रवारी जे मानतो ते याच्या फार जवळ आहे: नवसात बळी माणूस देतो, इथे देवाने स्वतःला दिले, आणि ज्याला खाली दडपले त्याच्याच हाती राज्य आले.

हे सांगायला मराठी भाषा अपुरी पडते, ही तक्रार तर मुळीच ऐकून घेऊ नये. दासोपंत शके १५३७ मध्ये गेले. त्याच सुमारास, १६१६ साली, गोव्यात रायतूर इथे फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइटाने येशूचे मरण आणि उठणे मराठी ओवीत बांधले. एकीकडे अंबाजोगाईत ओवी, दुसरीकडे गोव्यात ओवी, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. चारशे वर्षांपूर्वी ज्या भाषेने हे पेलले, तिला आज ‘पुनर्जन्म’ आणि ‘पुनरुत्थान’ यांत गोंधळ व्हावा, हे बोचते.

इथे या स्तंभाचा जुना आग्रह पुन्हा मांडणे भाग आहे: रिकाम्या कबरीची पहिली खबर स्त्रियांनी आणली. तपशिलात चारही शुभवर्तमाने एकमेकांशी जुळत नाहीत. किती जणी होत्या, देवदूत एक की दोन, यावर एकवाक्यता नाही. पण पहाटे आधी पोहोचल्या त्या स्त्रिया, यावर चौघांचेही एकमत आहे, आणि तेही स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नसलेल्या काळात. रचून सांगणाऱ्याने अशी साक्षीदार निवडली नसती. हा काही न्यायालयात टिकणारा पुरावा नव्हे, तरीही या स्तंभाला तो सर्वांत बोलका वाटतो. मग्दालीया मरीया समोर उभ्या असलेल्याला माळी समजते, आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखते. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. खिळे जुळवून छपाईचे काम सदनातल्याच मुली-बायकांनी केले, ज्यांतल्या कित्येकींना रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणले होते. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मरीयेची ती पहाट मराठीत शिशाच्या खिळ्यांनी जुळवली ती बायकांच्या बोटांनी.

देह जाळला तर तो उठायचा कसा, हा प्रश्नही दरवर्षी येतो. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे सोडून रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांना अग्नी देण्यात आला. कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली ती १९६३ मध्ये. ज्या देवाला मातीतून उठवता येते त्याची राखेपाशी अडचण होईल, असे टिळकांना वाटले नाही. उरलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

रविवारी पहाटे, उजाडण्याच्या आधी, मराठवाड्यात अनेक ठिकाणी ख्रिस्ती माणसे दफनभूमीत जातात. आदल्या दिवशी कबरी झाडून, पाणी मारून ठेवलेल्या असतात. कुणी चुना फासतो, कुणी झेंडूची माळ घालतो, मेणबत्ती विझू नये म्हणून एखादी म्हातारी पदराचा आडोसा धरते. खाली तिचा माणूस आहे. ही कबर भरलेली आहे, हे तिला पक्के ठाऊक असते. मग पाळक शुभवर्तमानातला तोच भाग वाचायला घेतात, धोंड बाजूला लोटलेली असते तिथपासून, आणि ती मेणबत्ती तशीच हातात धरून ऐकत उभी राहते.