कॉलेज सोनईत, नोकरी बाहेर: जमेल का?

बारावीचा निकाल लागला की सोनईतल्या बऱ्याच घरांत एकच वाद सुरू होतो. पोरगं म्हणतं पुण्याला जातो, नाहीतर थेट बंगलोर. वडील म्हणतात, गावात कॉलेज असताना बाहेर कशाला? नोकरी गावात नाही, बाहेर जावंच लागणार, हे दोघांनाही मान्य असतं. प्रश्न एवढाच, की बाहेर जायचं कधी? शिकायला की शिकून झाल्यावर?

एक गोष्ट आधी क्लिअर करू. मुळा एज्युकेशन सोसायटीचं सोनईचं आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेलं आहे. पुणे, नाशिक आणि नगर (कागदावर आता अहिल्यानगर) हे तिन्ही जिल्हे त्याच विद्यापीठात येतात. म्हणजे सोनईत बीएस्सी केलं काय किंवा पुण्यातल्या एखाद्या संलग्न कॉलेजात केलं काय, डिग्री सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव एकच. फरक पडतो तो खर्चात आणि ओळखीपाळखीत.

आधी खर्च. समजा पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला १० हजार लागले, तर वर्षातले दहा महिने धरून तीन वर्षांचे झाले ३ लाख. यात फी नाही. हे पैसे येणार कुठून? उसाच्या पेमेंटमधून, नाहीतर घोडेगावच्या मार्केटमधल्या कांद्यातून. कांद्याचा भाव पडला म्हणून खोलीमालक भाडं कमी करत नाही. बंगलोरच्या खासगी कॉलेजसाठी ८ लाखांचं कर्ज काढलं, १० टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली, तर हप्ता बसतो साधारण १३ हजार ३०० रुपये. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. पहिला पगार २५ हजार असेल तर निम्म्याहून जास्त हप्त्यातच गेला. मग आवडीची पण कमी पगाराची नोकरी धरायची हिंमत राहत नाही.

त्यात सरकारी सवलतींचं गणित राज्याच्या हद्दीपुरतं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. पुण्याच्या रस्त्यांवर ज्यांचे मोठाले होर्डिंग दिसतात, त्यातली बरीचशी याच प्रकारातली. म्हणजे कॉलेज राज्यात आहे एवढ्यावर भागत नाही, ते कुठल्या प्रकारचं आहे ते फॉर्म भरायच्या आधी बघा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च या माफीत येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता ओळखीपाळखी. इथे गावाची बाजू लंगडी आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या शहरातली मोठी कॉलेजं आधी बघतात. शहरात वर्गातलाच कुणी इंटर्नशिप करत असतो, सीनियर रेफरन्स देतो, इंटरव्ह्यूत काय विचारतात ते चहाच्या टपरीवर कळतं. सोनईत हे सगळं मुद्दाम शोधावं लागतं. ते शोधायला पैसे लागतात, आणि स्वस्त कॉलेजमुळे वाचलेले पैसे त्यासाठीच आहेत असं माझं मत आहे. ३ लाखांतले ६०-७० हजार बाजूला ठेवले तरी तिसऱ्या वर्षात पुण्यात दोन-तीन महिने राहून इंटर्नशिप करता येते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. ते जवळच्याच ऑफिसात सही-शिक्क्यापुरतं उरकायचं की बाहेर जाऊन करायचं, हा निर्णय कॉलेजच्या नावाइतकाच मोठा आहे.

कॉलेजचं नाव न बघणारी दारंही आहेत. आयआयटीत एमएस्सी करायचं तर जॅम, एमटेकसाठी गेट. टीसीएसची एनक्यूटी कॅम्पसबाहेरूनही देता येते. पदवी गावात आणि पदव्युत्तर बाहेर, हा रस्ता बऱ्याच जणांना परवडतो, कारण नोकरीच्या वेळी बहुतेकदा शेवटची डिग्री आधी बघितली जाते.

अर्थात सगळ्यांनी गावातच थांबा असं नाही. जेईई चांगली गेली असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. सीईटीतून पुण्याचं सीओईपी मिळत असेल तर कर्ज काढूनही जा. हवा तो कोर्स इथे नसेल, तरी जायलाच हवं.

आणखी एक गोष्ट घराघरात दिसते, पण बोलली जात नाही. भावाला पुणे आणि बहिणीला गावातलं कॉलेज. कारण फीचं सांगतात. फी माफ झाली की कारण हॉस्टेलचं होतं, मग सुरक्षिततेचं, आणि तिसऱ्या वर्षात स्थळं यायला लागतात. तिच्यासाठी गावातलं कॉलेज ही बचत आहे की मुक्काम, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. वाचलेले पैसे तिच्या नावावर राहणार का? तीन वर्षांनी ती जॅम देऊन बाहेर पडणार, हे घरात सगळ्यांना मान्य आहे का? उत्तर गोलगोल येत असेल, तर माफी घेऊन पहिल्याच वर्षी कॅपमधून बाहेरचं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज भरलेलं बरं.

हे सगळं कागदांवर अडतं, म्हणून शेवटी कागदांचं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, यातलं जे लागू असेल ते निकालाची वाट न बघता आत्ताच काढायला टाका. निकालानंतर नेवाशाच्या सेतूत रांग किती असते, ते मोठ्या भावंडांना विचारा.