मुलांची मूत्रपिंडे म्हणजे प्रयोगशाळा नव्हे!

२०२२ च्या पावसाळ्यात गांबियातल्या तापाने फणफणलेल्या लेकरांना खोकल्याचे गोड औषध पाजले गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. सुमारे ७० मुले गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष आहे हे छातीठोकपणे सांगू शकेल अशी एकही औषध-प्रयोगशाळा त्या देशात नव्हती. नमुने परदेशी गेले, उत्तराची वाट पाहणे आले. जुलैत डॉक्टर हवालदिल झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा निघाला ५ ऑक्टोबरला. तोवर त्या औषधाची तपासणी झाली ती कोवळ्या मूत्रपिंडांत! याला दैव म्हणणाऱ्याची जीभ झडो.

हे विष नवे आहे काय? स्वस्त, गोडसर, ग्लिसरीनच्या पिंपात मिसळले तर डोळ्यांना न कळणारे; ब्रेकच्या तेलात वापरायची वस्तू. १९३७ साली अमेरिकेत त्याने शंभरावर माणसे मारली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधाचा नवा कायदा झाला. मग १९९६ ला हैती, २००६ ला पनामा, २००८ ला नायजेरिया. आणि महाराष्ट्राने तरी नाक वर करू नये. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असल्याच भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अन्न व औषध प्रशासनाची लक्तरे चव्हाट्यावर मांडली, आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. सगळ्यांना सगळे ठाऊक होते. गरीब देशाला तपासणीचे साधन मात्र कुणी दिले नाही.

दिले ते काय? यंत्र! फीत कापली, फोटो निघाला, देणगीदार विमानात बसला. औषधातले घटक वेगळे करून ओळखणारा गॅस क्रोमॅटोग्राफ नुसत्या चार भिंतींवर चालत नाही. त्याला हायड्रोजन किंवा हेलियमचे सिलिंडर लागते, बदलावा लागणारा कॉलम लागतो, ज्याच्याशी ताडून पाहायचे तो प्रमाणित नमुना लागतो, लपंडाव न करणारी वीज लागते. बोर्ड जळाला तर दुरुस्तीवाला दुसऱ्या खंडातून येणार, त्याचे बिल भरायला तरतूद नाही. मग यंत्रावर कापड पडते. शिकवून तयार केलेला रसायनतज्ज्ञ दुप्पट पगारावर खासगी कंपनीत जातो. त्याला दोष देण्याची आमची छाती होत नाही. हेगची रासायनिक अस्त्रबंदी संघटना अशा देशांतल्या विश्लेषकांसाठी रासायनिक विश्लेषणाचे प्रशिक्षण वर्ग घेते. वर्ग चांगले आहेत. पण घरी परतल्यावर टेबलावर सिलिंडरच नसेल, तर त्या प्रमाणपत्राची चौकट करून भिंतीला टांगावी! खरे तर पहिल्या छाननीला अजस्र यंत्रही लागत नाही. काचपट्टीवरच्या पातळ थराची क्रोमॅटोग्राफी संशयित बाटली बाजूला काढू शकते. पट्टी स्वस्त आहे. ती रोज वापरणारा, वेळेवर पगार मिळणारा, ‘ही खेप थांबवा’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस महाग पडतो, म्हणून तो कुणाला नको आहे.

आणि प्रयोगशाळा नसलेल्या देशाला वाद घालण्याचाही हक्क उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या इशाऱ्यात नावे होती ती हरियाणातल्या मेडन फार्मास्युटिकल्सच्या चार औषधांची. कंपनीने दोष नाकारला; डिसेंबरात आपल्या औषध महानियंत्रकांनी कळवले, आमच्याकडचे राखीव नमुने निर्दोष आहेत. गांबिया कोणता स्वतःचा अहवाल तोंडावर फेकणार होता? पुढे त्याने भारतीय औषधांची निर्यातीपूर्व तपासणी सोपवली ती मुंबईतल्याच एका खासगी कंपनीकडे! ज्याच्या मालाचा संशय, त्याच्याच देशात जाऊन खातरजमा करून घ्यायची, ही लाचारी त्या देशाने हौसेने पत्करली काय?

आता आपल्या ढोंगाकडे वळू. १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाला सरकारी तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. देशातल्या मुलांच्या तोंडी जाणारी बाटली मात्र कारखानदाराच्या इमानावर! त्या इमानाचे फळ २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याने भोगले. तिथल्या परासियाची लेकरे नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि एकामागून एक गेली; वीसाहून अधिक. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होते की तपासलेल्या नमुन्यांत विष नाही. त्याच रात्री तामिळनाडूचा अहवाल आला: कांचीपुरमच्या कारखान्यातल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल. मर्यादा ०.१ टक्का! तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने हे दिवसाभरात शोधले. म्हणजे काम अवघड नव्हते. करायची इच्छा नव्हती.

तेव्हा सरकारला आमचे रोखठोक सांगणे आहे. आफ्रिकेत औषधे विकून पैसा कमावता ना? मग त्याच पैशातून तिथल्या सरकारी प्रयोगशाळांना दहा-दहा वर्षे सिलिंडर, प्रमाणित नमुने, दुरुस्ती आणि पगार पुरवा, आणि त्यांच्या अहवालाला आपल्या अहवालाइतकाच मान द्या. घरी प्रत्येक खेप कारखान्याबाहेर पडण्याआधी सरकारी विश्लेषकाच्या हाताखालून जाऊ द्या. विश्लेषकांच्या रिकाम्या जागा याच अर्थसंकल्पात भरा. हे जमत नसेल तर ‘जगाचे औषधालय’ ही पाटी आजच खाली उतरवा.